जोडेघाटचे कुमरम भीम

आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केसलापूर नावाचे गाव आहे. तेथील नागोबा हे गोंडांतील मेश्राम कुळाचे दैवत. पौष अमावास्येच्या पूजेसाठी या कुळातील मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. सासष्टीतून देव घेऊन नदीपार आलेल्या आपल्या पूर्वजांचे स्मरण ठेवणाऱ्या महाजन घराण्यांना या निष्ठेचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. याच जत्रेत दरवर्षी एक दरबार भरतो. जिल्ह्याचे अधिकारी तेथे येऊन आदिवासींची गाऱ्हाणी ऐकतात. या दरबाराच्या मुळाशी एका पराभूत पुरुषाचे जीवन आहे. त्यांचे नाव कुमरम भीम.

त्यांचा जन्म १९०१ साली आसिफाबादजवळच्या संकेपल्ली येथे झाला असे मानतात. मुलुख तेव्हा निजामाच्या राज्यातला होता. सरकारने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर गोंड एकाएकी परके ठरले. कागदावर नाव नाही, म्हणून शेतावर हक्क नाही, असा तो न्याय होता.

भीमांच्या आरंभीच्या आयुष्याची हकीकत मुख्यतः लोकपरंपरेतूनच आपल्यापर्यंत आली आहे. वडिलांच्या निधनानंतर कुटुंबाने दुसरीकडे शेती केली, तीही एका जमीनदाराने बळकावली. त्या भांडणात भीमांच्या हातून मनुष्यहत्या घडली आणि त्यांना परागंदा व्हावे लागले. संतापाने शेत परत मिळाले नाही, घर मात्र गेले. परंतु पळून ते चांद्याला पोहोचले, तेथे एका छापखान्यात राहिले आणि अक्षरे शिकले. ज्या कागदाने आपल्या लोकांना नागवले, तो वाचता येऊ लागला, ही त्या अपयशाची पहिली कमाई.

तो आश्रयही टिकला नाही. पुढे आसामच्या चहामळ्यांत त्यांनी काही वर्षे मजुरी केली. तेथे मजुरांची बाजू घेतल्यामुळे तुरुंगवास घडला, त्यातून निसटून ते परत आले. एकट्याचा राग व्यर्थ जातो, माणसे एकत्र आणावी लागतात, हा धडा घेऊनच ते परतले असावेत. कारण नंतर ते आसिफाबादेत राहिले, जमिनीच्या एका दाव्याचे कामकाज त्यांनी पाहिले, आणि मग जोडेघाट व बाबेझरीच्या परिसरातील बारा गावांतील लोकांना एकत्र केले. पाणी, रान आणि जमीन या तिहींवर तेथे राहणाऱ्यांचा हक्क आहे, अशी त्यांची मागणी होती. शिकलेल्या विद्येनुसार त्यांनी प्रथम सरकारदरबारी दाद मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा शस्त्र उचलले गेले. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांच्या गोळ्यांनी भीम आणि त्यांचे काही साथी मारले गेले.

येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. माझी सारी नोकरी एका कचेरीत अर्जांची नोंद करण्यात गेली. तिकीट नाही, सही चुकली, म्हणून मी कित्येक अर्ज परत केले, आणि कागद टेबलावरून हलला की प्रकरण संपले असे समजलो. तो माणूस पुढे कोठे गेला, याचा विचार मी केला नाही. भीमांचे चरित्र वाचताना ते अर्जदार मला आठवले.

जोडेघाटानंतर मात्र सरकारला विचार करणे भाग पडले. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी मारलवाई येथे गोंडांमध्ये राहून त्यांच्या असंतोषाची कारणे सरकारपुढे मांडली. त्यानंतर हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. १९४३ पासून मारलवाईत गोंड शिक्षक तयार होऊ लागले, आणि त्यांची गोंडी पुस्तके देवनागरीत छापली गेली. चांद्याच्या छापखान्यात अक्षरे शिकलेल्या पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याच्या लोकांच्या हाती स्वतःच्या भाषेचे पुस्तक आले! केसलापूरचा दरबारही त्याच काळात सुरू झाला.

तथापि शिकलेला धडा विसरलाही जातो. २० एप्रिल १९८१ रोजी त्याच इंद्रवेल्लीत जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकड्यानुसार त्यात १३ माणसे दगावली. म्हणून अपयशातून शिकणे हे एकदाच उरकण्याचे काम नव्हे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन आसिफाबादच्या जिल्ह्याला भीमांचे नाव देण्यात आले. जोडेघाटला आश्विन पौर्णिमेला त्यांची पुण्यतिथी पाळतात.

पडलेल्या माणसाने पडण्यातून शिकावे, असा उपदेश आपण सहज करतो. भीम प्रत्येक वेळी शिकले, तरी शेवटचा धडा त्यांना प्राण देऊन इतरांना शिकवावा लागला, कारण ज्यांनी ऐकायचे ते ऐकत नव्हते. आपल्या देवस्थानाच्या सभेतही कोणी कुळावी, कोणी सेवेकरी गाऱ्हाणे घेऊन उभा राहतो. त्याचे म्हणणे वेळीच ऐकून घेण्याची सद्बुद्धी आम्हां सर्वांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.