ब्राउनिंगची बंदूक आणि आमचे सुतारकाका

१९५६ साली बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतर थोड्याच वर्षांची ही गोष्ट. मी तेव्हा शाळकरी होतो. भालकी तालुक्यातील आमच्या गावी ज्वारीत रानडुकरे शिरत. आजोबांजवळ परवान्याची एक विंचेस्टर रायफल होती. १८९२ च्या नमुन्याची. चापाभोवतीची कडी खाली ओढून परत मिटली की नवे काडतूस आत जाई. एका हिवाळ्यात तिचा लाकडी दस्ता मुठीपाशी चिरला. मुंबईच्या एका दुकानातून नवा मागविला, तो मुळी बसेचना. आजोबा बंदूकच मोडीत काढायला निघाले.

ती बंदूक कोणी योजली हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनात कळले. जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतील युटा प्रांतात ऑग्डेन गावी २३ जानेवारी १८५५ रोजी जन्मला. बाप जोनाथन बंदुका घडवी आणि लोकांच्या मोडक्या बंदुका दुरुस्तही करी. त्या दुकानातील मोडतोड हीच या पोराची शाळा. मिसरूड फुटण्याआधीच त्याने भंगारातली नळी आणि लाकडाचा तुकडा जोडून स्वतःची बंदूक केली. १८७९ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला त्याला पहिले पेटंट मिळाले. १८८३ साली विंचेस्टर कंपनीच्या एका अधिकाऱ्याने थेट ऑग्डेन गाठले आणि आठ हजार डॉलरला त्या बंदुकीचे हक्क घेतले. पुढे कडीच्या रायफली आल्या: १८८६ ची भक्कम, तीच यंत्रणा आटोपशीर करून १८९२ ची, आणि मग १८९४ ची, जिच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती निघाल्या. कागदावर आराखडे काढीत बसण्यापेक्षा धातू कापून नमुना करणे हीच त्याची रीत होती.

पोलादाचे सुटे भाग यंत्रावर एकसारखे निघतात. लाकडाचे तसे नाही, हे मला आमच्या सुतारकाकांनी शिकविले. ते मूळचे गुलबर्गा जिल्ह्यातील आळंदचे; आमच्याशी मराठीत बोलत, मापे मात्र कानडीत मोजीत. जन्म गाड्या नि तिफणी करण्यात गेलेला. त्यांनी जुना दस्ता हातात घेऊन नुसती चीर पाहिली. ती वरच्या पोलादी पट्टीच्या टोकापासून निघाली होती. गोळी सुटली की बंदूक मागे रेटते, आणि टोक लाकडाला भिडले असेल तर ते पाचरीसारखे लाकूड फाडते. गाडीवाल्या सुताराला पाचर काय सांगावी!

नव्या दस्त्यात लाकूड मुद्दाम जादा ठेवलेले होते. बसविणाऱ्याने ते कमी करायचे असते. काकांनी कंदिलाची काजळी तेलात कालवून पट्ट्यांना फासली, दस्ता वर दाबला आणि काढला. जिथे काळे उमटले तेवढेच पटाशीने खरवडले. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असे तीन दिवस. शेवटी बंदुकीच्या पेटीची मागची कड लाकडावर सर्वत्र सारखी टेकली. पट्टीच्या टोकामागे मात्र पोस्टकार्डाएवढी फट त्यांनी जाणून ठेवली. मग आजोबांच्या खांद्याशी लावून मागचा भाग थोडा कापला आणि आठवडाभर जवसाचे तेल मुरविले. पहिला बार झाला तेव्हा आम्ही सारे चीर शोधीत होतो. ती आली नाही.

ब्राउनिंगच्या कामाला दुसरी बाजू आहे. १९०२ साली मोबदल्याच्या वादातून तो विंचेस्टरपासून फुटला व बेल्जियममधील कारखान्याकडे गेला. १९१४ साली साराजेव्होला ज्या पिस्तुलाने महायुद्धाची ठिणगी पडली, ते त्याच्याच योजनेचे होते. त्याच्या मशीनगनांनी युद्धात किती जीव घेतले त्याची गणती नाही. पोलाद कोणाच्याही हाती जाते. ते कोणाच्या हाती पडेल हे घडविणाऱ्याच्या हाती उरत नाही. आमच्या काकांना मात्र आपले काम कोणाच्या खांद्याला टेकणार हे ठाऊक होते.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममध्ये, त्याच कारखान्यात काम चालू असताना ब्राउनिंगचे हृदय थांबले. नावावर १२८ पेटंटे होती. आमचे काकाही अखेरपर्यंत नेटाने काम करीत राहिले. त्यांच्या नावावर काही नव्हते. आजोबांमागे ती बंदूक आम्ही सरकारजमा केली. दस्ता तेव्हाही अभंग होता.