पितृघातकी राजा अजातशत्रू

मगधचा राजा बिंबिसार हा तथागतांचा उपासक. वेळुवन त्यानेच संघाला दान दिले. अजातशत्रू त्याचा मुलगा. देवदत्ताच्या नादी लागून हा पोरगा मांडीला खंजीर बांधून बापाच्या महालात शिरला, अन् पकडला गेला. अमात्यांत तीन मते पडली. काहींचे मत, मुलाला, देवदत्ताला आणि सगळ्या भिक्खूंनाही मारा. काहींचे, भिक्खूंचा दोष नाही, त्या दोघांनाच मारा. बाकीचे म्हणाले कोणालाच मारू नका, राजाला कळवा. बिंबिसाराने पहिल्यांना काढून टाकले, दुसऱ्यांना खालच्या जागेवर बसवले, तिसऱ्यांना बढती दिली. (गिरणीत जास्त निष्ठा दाखवणाराच मुकादम होतो, इथं उलटं झालं!) आणि राज्य मुलालाच देऊन टाकले.

मुलाने काय केले? बापाला कोंडून उपाशी मारले. आई कोसलादेवी दुःखाने गेली. मामा प्रसेनजिताशी काशीच्या गावावरून लढाई जुंपली.

पुढे एका पौर्णिमेच्या रात्री जीवक वैद्याने त्याला आपल्या आंबराईत तथागतांकडे नेले. तिथली शांतता बघून राजा घाबरला, दगा तर नाही ना! बापाला मारणाऱ्याला सगळीकडे दगाच दिसणार. तिथे त्याने गुन्हा कबूल केला. महापरिनिर्वाणानंतर त्याने अस्थींवर राजगृहात स्तूप बांधला, पहिल्या संगीतीला आश्रय दिला.

सिंहलद्वीपाचा महावंस ग्रंथ सांगतो, ३२ वर्षे राज्य केल्यावर त्याला मुलगा उदयभद्राने मारले. असे सलग पाच राजे बापाला मारून गादीवर आले. पाचवा नागदासक. तेव्हा मात्र लोक खवळले. हे घराणंच बापमारू आहे म्हणत त्यांनी त्याला हाकलले आणि अमात्य शिशुनागाला राजा केले. त्याने १८ वर्षे राज्य केले.