नवसाची मशीद आणि सामाजी हसाजी दिवेकर

मुंबईत मध्य रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सोडले की पहिले स्थानक लागते ते मस्जिद. एखाद्या मुसलमानी मशिदीवरून हे नाव पडले असावे, असे कोणासही वाटेल. परंतु ज्या वास्तूवरून स्थानकास हे नाव मिळाले असे मानले जाते, ती वास्तू ज्यूंची आहे. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू आपल्या प्रार्थनामंदिरास मशीदच म्हणत. त्यांची ही जुनी मशीद १७९६ साली मांडवी भागात उभी राहिली. ती उभारणारे सामाजी हसाजी दिवेकर हे धर्मगुरू नव्हते, सावकारही नव्हते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील एक शिपाईगडी होते.

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत कित्येक शतकांपूर्वी अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून ७ पुरुष आणि ७ स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात बुडाले. वाचलेल्यांची संतती कोकणातील खेड्यांत विखुरली, तेलाचे घाणे चालवू लागली, गावावरून आडनावे घेऊ लागली आणि मराठी बोलू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. आठव्या दिवशी मुलाची सुंता, शब्बाथचा विसावा, खवले व पर नसलेले मासे वर्ज्य आणि प्रत्येक शुभाशुभ प्रसंगी शेमा या प्रार्थनेचा उच्चार, एवढ्या आठवणींवर या समाजाने आपला धर्म शतकानुशतके टिकवला. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता आणि एकत्र जमण्यास प्रार्थनामंदिरही नव्हते.

१८व्या शतकाच्या मध्यास काही बेने इस्राएल कुटुंबे कोकणातून मुंबई बेटावर आली. त्यांत दिवेकर घराणे अग्रणी होते. १७३०च्या सुमारास जन्मलेल्या सामाजींचे हिब्रू वळणाचे नाव शमुवेल यहेज्केल. कोकणी उच्चारात शमुवेलचे सामाजी झाले आणि यहेज्केलचे हसाजी. मुंबईस आलेल्या अनेक जातभाईंप्रमाणे त्यांनी कंपनीच्या फौजेत चाकरी धरली. सहाव्या पलटणीत ते नेटिव्ह कमांडंट या वरिष्ठ पदापर्यंत चढले. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत वावरणाऱ्या वाचकास याचे नवल वाटणार नाही. लष्कराच्या वस्तीत नाना प्रांतांची, नाना धर्मांची माणसे शेजारी येतात आणि तेथे प्रत्येकास आपण कोण, हे नव्याने सांगावे लागते.

सामाजींवर तो प्रसंग शत्रूच्या हाती सापडल्यावर आला. १७८० ते १७८४ या काळात इंग्रज आणि म्हैसूर यांच्यात दुसरे युद्ध झाले. मुंबईच्या फौजा त्यात उतरल्या होत्या आणि त्यांतील अनेक सैनिक टिपू सुलतानाचे कैदी झाले. सामाजीही त्यांत होते. समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कथा अशी, की कैद्यांना धर्म आणि जात विचारली गेली, तेव्हा सामाजी व त्यांच्या सोबत्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले. टिपूच्या मातोश्रींनी हे नाव कुराणात वाचले होते. पण त्या वंशाची माणसे प्रत्यक्ष पाहिली नव्हती. त्यांनी मुलाजवळ रदबदली केली आणि कैद्यांचे प्राण वाचले. सुखरूप घरी परतलो तर मुंबईत ईश्वराचे मंदिर बांधीन, असा नवस सामाजींनी कैदेत केला होता.

संकटात नवस बोलणे सोपे असते. संकट टळल्यावर तो फेडणे अवघड. युद्ध १७८४ मध्ये थांबले आणि मशीद उभी राहिली १७९६ मध्ये. मधली १२ वर्षे सामाजींना आपल्या शब्दाचा विसर पडला नाही, हेच त्यांच्या चरित्रातील मोठे सत्य. मुंबई शहरातील हे पहिले ज्यू प्रार्थनामंदिर. बेने इस्राएलांना आता शेमा म्हणण्यासाठी घराच्या ओसरीवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही.

तरीही एक उणीव राहिली. ज्यू प्रार्थनामंदिराचे हृदय म्हणजे सेफेर तोरा, अर्थात चर्मपत्रावर हाताने लिहिलेली धर्मशास्त्राची गुंडाळी. ती छापलेली चालत नाही. जाणत्या लेखनिकानेच ती लिहावी लागते. कोकणात असा लेखनिक नव्हता. कोचीनला मात्र जुना, सुशिक्षित ज्यू समाज होता आणि तेथील परदेशी सिनेगॉग १५६८ पासून उभे होते. साठी उलटलेल्या सामाजींनी सेफेर तोरा आणण्यासाठी कोचीनचा प्रवास केला. १७९७ साली तेथेच त्यांचा अंत झाला आणि तेथल्याच मातीत त्यांना विसावा मिळाला. ज्या नवसासाठी ते झिजले, त्याची पूर्तता पाहण्याचे भाग्य त्यांच्या वाट्यास आले नाही.

त्यांनी घालून दिलेली वाट मात्र पुढच्यांनी सोडली नाही. १९व्या शतकात कोचीनचे शिक्षक येऊन कोकणातील ज्यूंना हिब्रू आणि विधी शिकवू लागले. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या सणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथे प्रार्थनामंदिरे झाली. नोकरीनिमित्त माणसे पांगली तशी पुणे, अहमदाबाद आणि कराचीतही झाली. सामाजींची मशीद १८६० मध्ये सध्याच्या जागी नव्याने बांधण्यात आली. शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार, या नावाने ती आज ओळखली जाते. ती ज्या रस्त्यावर आहे, त्या सॅम्युअल स्ट्रीटचे नावही सामाजींचेच असल्याचे सांगतात.

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथेही त्यांनी मराठी जपली, मायबोली नावाचे नियतकालिक चालवले. महाराष्ट्रात मागे राहिलेल्या ज्यूंना राज्य शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. सार्वजनिक प्रार्थनेसाठी परंपरेने १० प्रौढ पुरुष जमावे लागतात. जुन्या प्रार्थनामंदिरांत आता तेवढी संख्या जमवणेही अनेकदा कठीण होते. एके काळी समाज होता आणि मंदिर नव्हते. आज मंदिर आहे आणि समाज विरळ झाला आहे. मस्जिद स्थानकावर गाडी क्षणभर थांबते, तेव्हा आपला शब्द पाळण्यासाठी घरापासून दूर देह ठेवणाऱ्या त्या मराठी ज्यू शिपायाचे स्मरण प्रवाशांनी करावे, एवढी त्यांची थोरवी निश्चित आहे.