चार्ल्स ब्रॅडलॉ आणि शपथेचा उंबरठा

राज्याने प्रजेपाशी कर मागावा, कायद्याचे पालन मागावे, प्रसंगी प्राणही मागावा. परंतु तिची श्रद्धा मागू नये, हे तत्त्व आज बहुतेक सुशिक्षितांस तोंडपाठ आहे. तोंडपाठ तत्त्वांचे एक दुर्दैव असे की, ती कोणाच्या किती हालअपेष्टांतून निघाली याचे विस्मरण लवकर पडते. आणि असे विस्मरण पडले म्हणजे ती हातची जावयास वेळ लागत नाही. याकरिता ज्या पुरुषाने हे तत्त्व आपल्या अंगावर झेलून इंग्लंडच्या कायद्यात घालविले, आणि ज्याचा आपल्या मुंबई शहराशीही संबंध आला, त्या चार्ल्स ब्रॅडलॉसाहेबांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ब्रॅडलॉसाहेबांचा जन्म 26 सप्टेंबर 1833 रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडील एका सॉलिसिटराच्या कचेरीत कारकून. घरची स्थिती बेताची. शाळा लहानपणीच सुटली. पुढे हा मुलगा रविवारच्या धर्मशाळेत मुलांस शिकवू लागला. तेथे बिशप येणार म्हणून पाद्र्याने त्यास इंग्लंडच्या धर्मसंस्थेची एकोणचाळीस कलमे तयार करावयास सांगितली. त्याने ती शुभवर्तमानांशी ताडून पाहिली, तो दोहोंचा मेळ त्यास दिसेना. त्याने शंका विचारली. पाद्र्याने उत्तर न देता त्याच्या वडिलांकडे तो नास्तिक झाल्याची तक्रार केली आणि तीन महिने त्याचे शिकविणे बंद केले. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, तोपर्यंत हा मुलगा नास्तिक नव्हता. जिज्ञासेला शिक्षा हेच ज्यांचे उत्तर, तेच पुष्कळदा ज्या मताचा त्यांस धाक असतो त्याचे जनक होतात. लवकरच त्यास घर सोडावे लागले. 1850 साली अन्नाकरिता तो फौजेत शिरला, आयर्लंडमध्ये राहिला, आणि 1853 साली वारसाहक्काने आलेल्या थोड्या पैशांवर आपली सुटका विकत घेऊन लंडनास परतला. दिवसा वकिलाच्या कचेरीत कारकुनी आणि फावल्या वेळी धर्म व राज्यव्यवस्था यांवर व्याख्याने, असा त्याचा क्रम सुरू झाला. कायद्याचे जे ज्ञान या कारकुनीत मिळाले, तेच पुढे त्याचे मुख्य शस्त्र झाले.

ते शस्त्र त्यांस लवकरच वापरावे लागले. त्या काळी इंग्लंडातील न्यायकोर्टांत ईश्वर न मानणाराची साक्ष घेत नसत. साक्षीदाराने शपथ घ्यावयाची, आणि परलोकातील शिक्षेचे भय ज्यास नाही त्याची शपथ कोर्टाच्या लेखी शपथच नव्हे! याचा अर्थ असा की, अशा मनुष्याचे घर लुटले गेले तरी लुटारूविरुद्ध त्याचा शब्द चालावयाचा नाही. धर्ममताकरिता त्यास कोणी तुरुंगात घातले नाही हे खरे. पण कायद्याचे छत्र त्याच्या डोक्यावरून मुकाट्याने काढून घेतले होते. ब्रॅडलॉसाहेबांस स्वतःच्या दाव्यात हा अनुभव आला. ते एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात भांडत गेले. आणि 1869 व 1870 साली पार्लमेंटाने कायदे करून अशा साक्षीदारांस शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करण्याची मोकळीक दिली. त्यांनी 1860 साली काढलेल्या ‘नॅशनल रिफॉर्मर’ पत्रावर सरकारने जामिनाच्या जुन्या कायद्याखाली खटला केला होता. तोही शेवटास गेला नाही, आणि 1869 साली तो कायदाच रद्द झाला. 1866 साली त्यांनी ‘नॅशनल सेक्युलर सोसायटी’ ही संस्था स्थापिली.

धर्माचा हात राज्याच्या हातात गुंतला म्हणजे तो घराच्या माजघरापर्यंत कसा पोहोचतो, हे 1877 सालच्या खटल्यात दिसून आले. संततिनियमनाविषयीचे डॉक्टर नोल्टन यांचे पुस्तक ब्रॅडलॉसाहेब आणि श्रीमती अ‍ॅनी बेझंट यांनी पुन्हा छापले, म्हणून अश्लीलतेच्या आरोपावरून दोघांस सहा महिन्यांची कैद व दंड झाला. पुढच्या वर्षी अपिलात ही शिक्षा आरोपपत्रातील एका तांत्रिक दोषामुळे रद्द झाली. ब्रॅडलॉसाहेब सुटले, परंतु बेझंटबाईंची किंमत चुकली नाही. 1878 साली कोर्टाने त्यांची लहान मुलगी त्यांच्याकडून काढून वडिलांच्या हवाली केली. या निकालाची कारणे दोन होती: बाईंनी ते पुस्तक छापले, आणि त्या ईश्वर मानीत नव्हत्या. आई मुलीचे हाल करीत होती असे कोणी सिद्ध केले नव्हते. ज्यांस वाटते की राज्याने धर्माचा कैवार घेतल्याने फार तर वादपटूंची गैरसोय होते, त्यांनी या मायलेकींच्या ताटातुटीचा विचार करावा. हीच बाई पुढे 1893 साली हिंदुस्थानात आली आणि 1917 साली काँग्रेसच्या अध्यक्षस्थानी बसली, हे वाचकांस ठाऊकच आहे.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. नॉर्दॅम्प्टन हे जोडे तयार करणारांचे शहर. तेथून ब्रॅडलॉसाहेब 1868 साली उभे राहिले व पडले. 1874 साली दोनदा उभे राहिले व दोनदा पडले. 1880 साली निवडून आले. कॉमन्स सभेत बसण्यापूर्वी सभासदाने राजनिष्ठेची शपथ ईश्वरास स्मरून घ्यावयाची असे. क्वेकर पंथीयांसारख्या काही लोकांस शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची सवलत होती. कोर्टात मला जी मुभा मिळाली तीच येथे मिळावी, असे ब्रॅडलॉसाहेबांनी 3 मे रोजी विनयपूर्वक मागितले. सभेने कमिटी नेमली; कमिटीने एका मताच्या आधिक्याने नकार दिला. तेव्हा ते म्हणाले की, असे असेल तर मी इतरांप्रमाणे शपथ घेतो. यावर विरोधकांनी दुसराच मुद्दा काढला: जो ईश्वर मानीत नाही, त्यास शपथ घेऊ कशी द्यावी? अशा रीतीने प्रतिज्ञेचे दार शपथ आहे म्हणून बंद, आणि शपथेचे दार श्रद्धा नाही म्हणून बंद! 23 जून रोजी सभागृहाबाहेर जाण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही, तेव्हा त्यांस पार्लमेंटाच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कैदेत ठेवण्यात आले.

जुलै महिन्यात ग्लॅडस्टनसाहेबांनी मध्यम मार्ग काढला की, कोर्टात जो निकाल लागेल तो पत्करून ब्रॅडलॉ यांनी प्रतिज्ञा करून बसावे. ते सुमारे नऊ महिने बसले. मार्च 1881 मध्ये कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला व जागा रिकामी झाली. नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी एप्रिलमध्ये त्यांसच पुन्हा निवडले. 3 ऑगस्ट रोजी ते सभागृहात शिरू लागले, तेव्हा शिपायांनी त्यांस जिन्यावरून ओढीत बाहेर काढले. त्या झटापटीत अंगावरचा कोट फाटला. फेब्रुवारी 1882 मध्ये त्यांनी खिशातून कागद काढून स्वतःच शपथ वाचली. सभेने त्यांस काढून टाकले. मार्चमध्ये मतदारांनी पुन्हा निवडले. 1883 साली प्रतिज्ञेची मुभा देणारे बिल सरकारने आणले, ते 289 विरुद्ध 292 अशा तीन मतांनी पडले. 1884 साली पुन्हा तोच प्रकार, पुन्हा निवडणूक, पुन्हा विजय. 1885 च्या सार्वत्रिक निवडणुकीतही तोच निकाल. कॉमन्स सभा थकली नाही हे जितके खरे, तितकेच जोडे शिवणारे मतदारही थकले नाहीत हे खरे. आणि यांपैकी कोणाची चिकाटी राष्ट्राच्या उपयोगी पडली हे सांगण्याची गरज नाही.

या सर्व प्रकरणात आम्हांस तीन गोष्टी विचारार्ह वाटतात.

पहिली ही की, विरोधकांत केवळ प्रस्थापित धर्मसंस्थेचेच लोक नव्हते. रोमन कॅथॉलिकांस पार्लमेंटाचे दार 1829 साली उघडले होते. ज्यू धर्माच्या रॉथशील्डसाहेबांस 1847 साली निवडून येऊनही 1858 पर्यंत बाहेर तिष्ठावे लागले होते. असे असता कार्डिनल मॅनिंग यांनी ब्रॅडलॉ यांच्याविरुद्ध लेखणी चालविली, आणि आयरिश कॅथॉलिक सभासदांपैकी बहुतेकांनी विरुद्ध मते दिली. काल जो उंबरठ्याबाहेर उभा होता, तोच आत आल्यावर दाराला अडसर घालण्यास पुढे होतो! धर्मपंथास स्वातंत्र्य हवे असते ते बहुधा स्वतःपुरते. म्हणून त्या स्वातंत्र्याची राखण कोणत्याही पंथाच्या औदार्यावर सोपवून चालत नाही, ती कायद्यानेच केली पाहिजे. उलट, ग्लॅडस्टनसाहेबांसारखा अत्यंत धर्मनिष्ठ पुरुष बिलाच्या बाजूने उभा राहिला. अमूर्त अशा ईश्वराचे नाव घेणाऱ्या कोणासही आत घ्यावयाचे आणि एका प्रामाणिक माणसास तेवढे वगळावयाचे, यात धर्माचे रक्षण कसले, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. धर्म आणि राज्य यांची फारकत मागणारा धर्माचा वैरीच असला पाहिजे असे समजणारांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या सभागृहात ब्रॅडलॉ हे एकटेच ईश्वर न मानणारे होते काय? असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. जे मनातून साशंक होते त्यांनी शपथ पुटपुटली आणि ते आपल्या जागी जाऊन बसले; त्यांस कोणी विचारले नाही. अडकला तो एकटा, कारण त्याने आपले मत लोकांस आधीच उघड सांगितले होते. श्रद्धेची कसोटी लावणारे राज्य श्रद्धाळूंस निवडते असे दिसते खरे; पण वस्तुतः ते खरे बोलणारांस वगळते आणि लबाडीस बक्षीस देते. शपथेवाचून विश्वास कसा ठेवावा, असा प्रश्न आजही विचारण्यात येतो. त्यास उत्तर इतकेच की, शब्दाकरिता सहा वर्षे धक्के खाणाऱ्या माणसाचा शब्द पुष्कळांच्या शपथेपेक्षा वजनदार आहे.

तिसरी गोष्ट ही की, यात नुकसान एका ब्रॅडलॉचे झाले नाही. नॉर्दॅम्प्टनचे मतदार काही नास्तिक नव्हते. त्यांस आपला एक प्रतिनिधी हवा होता, आणि वर्षानुवर्षे त्यांचे मत फुकट गेले. एकाच्या मनाची झडती घेतली म्हणजे हजारोंचे हक्क सहज पायदळी येतात.

ब्रॅडलॉसाहेबांचे वर्तन निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. ज्या शब्दांस आपण अर्थ मानीत नाही ते उच्चारण्यास ते तयार झाले, हे त्यांच्या पुष्कळ मित्रांसही रुचले नाही, आणि आम्हांसही रुचत नाही. तथापि प्रामाणिक मनुष्यास अशा पेचात घालणारा कायदा अधिक दोषी, की त्या पेचातून वाट काढू पाहणारा मनुष्य, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

जानेवारी 1886 मध्ये नव्या पार्लमेंटाचे अध्यक्ष पीलसाहेब यांनी कोणाचीही हरकत ऐकून न घेता ब्रॅडलॉ यांस शपथ घेऊ दिली, आणि इतक्या वर्षांचे वादळ काही मिनिटांत शमले. आत गेल्यावर त्यांनी प्रथम आपल्या मागून येणारांची सोय पाहिली. त्यांच्या प्रयत्नाने 1888 साली शपथेचा कायदा मंजूर झाला, आणि सभासद असो की साक्षीदार, ज्यास शपथ नको त्यास प्रतिज्ञेची मुभा मिळाली. ईश्वरनिंदेचा गुन्हा रद्द करण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला. तो गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातून निघावयास 2008 साल उजाडावे लागले.

या पुरुषाचे हिंदुस्थानावरील ऋण वेगळेच. पार्लमेंटात आमच्या गाऱ्हाण्यांस तोंड फोडणारा म्हणून त्यांस हिंदुस्थानचा सभासद असे नाव पडले होते. 1889 च्या डिसेंबरात, नुकत्याच झालेल्या मोठ्या दुखण्यातून उठून, ते मुंबईच्या काँग्रेसला आले. वेडर्बर्नसाहेब अध्यक्ष होते, आणि प्रतिनिधींची संख्याही योगायोगाने 1889 च भरली. त्या मंडपात सनातनी हिंदू होते, मुसलमान होते, पारशी होते, ख्रिस्ती होते. परमेश्वर न मानणाऱ्या या पाहुण्याचे त्या सर्वांनी अंतःकरणपूर्वक स्वागत केले. सार्वजनिक कार्यात मनुष्याची पारख त्याच्या देवघरावरून करावयाची नसते, हा धडा आपल्या लोकांनी त्या दिवशी पार्लमेंटापेक्षा चांगला गिरविला. 30 जानेवारी 1891 रोजी ते वारले. मृत्यूपूर्वी तीनच दिवस कॉमन्स सभेने 1880 चा ठराव आपल्या दप्तरातून खोडून टाकला. पण ते शुद्धीवर नसल्यामुळे ही वार्ता त्यांस कळलीच नाही. त्यांच्या अंत्यविधीस लंडनात शिकत असलेला एक हिंदी तरुण गेला होता; तो म्हणजे मोहनदास गांधी.

आता आपल्या घरात डोकावू. 1872 च्या विवाहकायद्याने जातीबाहेर किंवा धर्मविधीवाचून नोंदणीने लग्न करणारास, आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणीच नाही, असे लिहून द्यावयास लाविले होते. म्हणजे विलायतेत श्रद्धा नाही म्हणून दार बंद; येथे श्रद्धा सोडल्याचे लिहून दिल्यावाचून दार उघडत नाही! दोन्हीकडे सरकारने मनाची झडती घेतली, आणि दोन्हीकडे खोटे बोलणाराची तेवढी सोय झाली. 1923 साली हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती ही अट सैल झाली, आणि 1954 च्या कायद्याने ती गेली. परंतु त्याच कायद्याने वधूवरांच्या नावांची नोटीस तीस दिवस लावण्याची तरतूद केली. धर्मविधीने लग्न लावणारास अशी सरकारी नोटीस द्यावी लागत नाही. धर्माच्या दारातून न जाणारास मात्र महिनाभर ओसरीवर उभे करून नातलगांस व गावगुंडांस वर्दी द्यावयाची. ज्या मुलीला या तीस दिवसांत कोंडून ठेवले, तिला घटनेतील स्वातंत्र्याचे कलम वाचून दाखविण्यात काय अर्थ? आपल्या घटनेच्या तिसऱ्या परिशिष्टाने मंत्र्यास ईश्वरसाक्ष शपथ घेण्याची वा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची समान मुभा दिली आहे. जी मोकळीक मंत्र्यास शपथविधीत, ती सामान्य मुलीस लग्नाच्या कचेरीत का नसावी, हा प्रश्न आम्ही आमच्या कायदेमंडळांस करितो.

देव मानावा की न मानावा, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे, आणि त्यात आम्हांस पडावयाचे नाही. परंतु तो सरकारी कचेरीच्या उंबरठ्यावर विचारला जाता कामा नये, याविषयी आस्तिक आणि नास्तिक या दोघांचेही एकमत झाले पाहिजे. कारण आज जो विचारणाराच्या बाजूस उभा आहे, उद्या उत्तर देण्याची पाळी त्याच्यावर येणारच नाही असे नाही.