मार्गारेटबाईंचा हत्ती

जर्मनीतील गिंगेन या लहानशा गावी १८४७ साली मार्गारेट स्टाइफ यांचा जन्म झाला. जेमतेम दीड वर्षाची असताना मार्गारेट पोलिओने आजारी पडली. दोन्ही पाय लुळे पडले व उजवा हात दुबळा झाला. भावंडे व शेजारची मुले तिला गाडीत बसवून शाळेत नेत. पुढे हाताच्या वेदना सोशीत ती शिवणकाम शिकली. घरी शिवणयंत्र आले, तो त्याचे चाक नेमके उजवीकडे! तिने यंत्रच उलटे फिरवून ठेवले आणि डाव्या हाताने चाक चालवले.

१८८० साली बाईंनी सुया टोचून ठेवण्यासाठी हत्तीच्या आकाराची उशी केली. कापड नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेले. त्याचे धागे सुटत नाहीत, म्हणून कड दुमडावी लागत नाही. नवशिक्या हातांना ते फार सोयीचे. मुलांनो, असा हत्ती तुम्हांलाही करता येईल. दोन्ही बाजूंचे सारखे तुकडे कापावे, मध्ये पोटाची पट्टी जोडावी, थोडी जागा उघडी ठेवून शिवावे, लोकर भरावी व तोंड मिटवावे. पोटाची पट्टी मात्र विसरू नका, नाहीतर हत्ती उभा राहायचा नाही!

बाईंच्या हत्तीला मुलांनी उशी मानलेच नाही. ती त्याच्याशी खेळू लागली. मग बाई खेळणीच शिवू लागल्या. १८८६ पर्यंत ५,००० हून अधिक हत्ती खपले. कारखाना वाढला, तरी नव्या खेळण्याचा पहिला नमुना त्या स्वतः शिवून पाहत. १९०९ साली त्या निवर्तल्या.