पंडित नैनसिंग रावत

पृथ्वीच्या मापनाचें शास्त्र आज बहुतांशीं आकाशांतून चालतें. कृत्रिम उपग्रह शेंकडों मैल उंचीवरून पर्वत, नद्या व सरोवरें यांचीं चित्रें घेतात आणि संगणक त्यांवरून नकाशे रचतात. हें शास्त्र शिकूं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपुढें, केवळ आपल्या पावलांनीं एक अफाट प्रदेश मोजणाऱ्या एका शाळामास्तरांचें चरित्र ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

नैनसिंगांचा जन्म सन 1830 मध्यें कुमाऊंतील जोहार खोऱ्यांत झाला. तेथील लोक उन्हाळ्यांत हिमालयाचे घाट ओलांडून तिबेटांत व्यापारास जात. त्यामुळें तिबेटी भाषा व चालीरीति नैनसिंगांच्या चांगल्या परिचयाच्या झाल्या. पुढें ते मिलम येथील सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले, आणि पंडित ही पदवी त्यांस कायमची चिकटली.

त्या काळीं तिबेटचें दार परकीयांस बंद होतें. ल्हासा शहर नेमकें कोठें आहे, हेंही नकाशा काढणाऱ्यांस निश्चित ठाऊक नव्हतें. तेव्हां मोजणीखात्याचे कॅप्टन माँटगोमेरी यांनीं सरहद्दीवरील सुशिक्षित माणसांस हें काम शिकवून पाठविण्याचें योजिलें. सन 1863 मध्यें नैनसिंग व त्यांचे चुलतबंधु मणिसिंग डेहराडूनच्या कचेरींत दाखल झाले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाला!

तेथील पहिला धडा चालण्याचा होता. चढ असो वा उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचें पडलें पाहिजे. अशा सुमारें 2000 पावलांचा एक मैल होई. जपमाळेंत 108 ऐवजीं 100 मणी ओंविले होते. दर 100 पावलांस एक मणी सरकवावयाचा. माळ पुरी झाली, कीं 10,000 पावलें झालीं. सेक्स्टंट यंत्रानें सूर्य व तारे पाहून अक्षांश काढणें, आणि पाणी किती उष्णतेस उकळतें यावरून स्थळाची उंची ठरविणें, हेंही ते शिकले. टिपणें लपविण्यास प्रार्थनाचक्र होतें. वेध घेण्यास लागणारा पारा कवड्यांत भरून नेला होता.

सन 1865 मध्यें ते वेष पालटून नेपाळमार्गें निघाले आणि 1866 च्या जानेवारींत ल्हासास पोंचले. पैसे सरत आले, तेव्हां तेथील नेपाळी व्यापाऱ्यांस हिशेब शिकवून त्यांनीं पोट भरलें. परवानगीवांचून आलेल्या एका चिनी मनुष्याचा शिरच्छेद त्यांनीं तेथें डोळ्यांनीं पाहिला. उघडकीस आल्यास आपली गत काय होईल, हें त्यांस कळून चुकलें. तरीही वेध घेणें थांबलें नाहीं. त्सांगपो नदीच्या कांठानें मानससरोवराकडे वळून ते त्याच वर्षीं परतले. सुमारें 1200 मैलांचा मार्ग, म्हणजे जवळजवळ 25 लक्ष पावलें, त्यांनीं मोजला होता.

सन 1867 मध्यें त्यांनीं ठोक जालुंग येथील सोन्याच्या खाणी पाहिल्या, आणि 1874-75 सालीं लेहपासून ल्हासामार्गें आसामपर्यंत मजल मारली. सन 1877 मध्यें लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्यांस सुवर्णपदक दिलें. आपली विद्या त्यांनीं इतर मोजणीदारांसही शिकविली. सन 2004 मध्यें भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

हे नकाशे परक्या राज्यकर्त्यांच्या उपयोगाचे होते आणि वेषांतरावांचून ते झाले नसते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु एक गोष्ट विचारांत घेण्याजोगी आहे. त्या निर्जन पठारावर त्यांची माळ तपासणारा कोणीही नव्हता. थकून चुकलेले दोनशें मणी अंदाजानें लिहिले असते, तर त्या दिवशीं कोणास कळलें असतें? पण मग ल्हासाही नकाशावर चुकीच्याच जागीं बसलें असतें.

आज साधनें पालटलीं आहेत. तथापि उपग्रहाच्या चित्रांतील हिरवा ठिपका उसाचा आहे कीं गवताचा, याची खात्री करण्यास अद्यापि कोणास तरी बांधावर जाऊन पाहावें लागतें. तेथें न जातांच कोष्टक भरणाऱ्यापुढें उत्तमांतील उत्तम यंत्रही लाचार ठरतें. यास्तव आमच्या विद्यार्थ्यांनीं यंत्रें अवश्य शिकावीं. मात्र त्याआधीं आपलें पाऊल सारखें व खरें पडतें कीं नाहीं, हें पाहावें.