तुपाच्या थेंबाखाली वाढलेली लस: वाल्देमार हाफकिन

कोविनवरून डाऊनलोड केलेलं लसीचं सर्टिफिकेट फोनमध्ये अजून असेल, तर उघडून बघा. बहुतेकांच्या सर्टिफिकेटवर बॅच नंबर दिसेल. काही गडबड झाली तर ती नेमकी कुठे झाली हे शोधायला तो नंबर लागतो. आज ज्याची गोष्ट सांगतोय, त्या माणसाचं करिअर एका बाटलीच्या नंबरावर येऊन अडकलं होतं.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, आजच्या युक्रेनमधला. ओडेसा विद्यापीठात इल्या मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली ते शिकले. हुशार होते, पण ज्यू होते, आणि धर्म बदलल्याशिवाय तिथे प्राध्यापकी मिळणार नव्हती. त्यांनी धर्म बदलला नाही. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. तिथे जागा मिळाली ती ग्रंथपालाची! फावल्या वेळात प्रयोग करत १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ती घेऊन भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. आमच्या वडखळजवळ धरमतरची खाडी आहे. त्या काळी तिथून मुंबईची ये-जा बोटीने व्हायची. अशा बोटींनी, रेल्वेने, पायी, लाखो लोक मुंबई सोडून गावी निघाले, आणि त्यांच्यासोबत रोगही निघाला. सरकारने हाफकिनना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा दिला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर काम सुरू.

आता यातला टेक्निकल भाग, मला सगळ्यात आवडणारा. प्लेगचे जंतू भरपूर वाढवायचे कसे? हाफकिननी मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडले. हो, आपलं साधं तूप. थेंबाच्या खालच्या बाजूने जंतू लोंबत वाढायचे, गुहेत छतावरून दगडाचे सुळके लोंबतात तसे. बाटली हलवली की ते तळाशी पडायचे आणि वर नवीन पीक यायचं. असं कित्येक आठवडे. मग तासभर साधारण ६५ ते ७० अंशांवर तापवून जंतू मारायचे आणि वरून कार्बोलिक ॲसिड. लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून रस्सा गोमांसाऐवजी बोकडाच्या मांसाचा. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, सुई टोचली तिथे दुखलं, पण तब्येत सांभाळली. मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. लस न घेतलेल्यांपेक्षा घेतलेल्यांमध्ये प्लेग खूपच कमी दिसला. लोकांची भीती जावी म्हणून आगाखान यांनी सगळ्यांसमोर लस घेतली.

पण एक मर्यादा होती. पिसू चावून होणाऱ्या, गाठीच्या प्लेगवर ही लस उपयोगी पडायची. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातल्या थेंबांतून थेट श्वासात शिरतो आणि दोन-तीन दिवसांत माणूस संपवतो. मेलेल्या जंतूंपासून केलेली लस तिथे फारशी चालत नाही. त्यावर खरा इलाज ॲन्टिबायोटिक्स आल्यावर मिळाला. १९९४ मध्ये बीडकडे गाठीचा आणि सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला, तेव्हा कामाला आल्या त्या गोळ्याच.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. मागणी इतकी वाढली की हाफकिननी जास्त झटपट पद्धत घेतली, ज्यात कार्बोलिक ॲसिड नव्हतं. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले, नंबर ५३-एन.

चौकशीत दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनना कामावरून दूर केलं गेलं. मी रोज बग शोधतो, त्यामुळे हा निष्कर्ष वाचून चिडायला होतं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट न उकळता तसाच वापरला गेला, हे नोंदीत होतं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली परळलाच खराब झाली असती, तर उघडल्यावर कुजका वास आला असता. तसा वास आला नव्हता. म्हणजे घोळ परळला नाही, मुल्कोवालला झाला. ही एवढी गोष्ट मान्य व्हायला पाच वर्षं गेली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे पुन्हा तपासले, मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे सरकारने त्यांना निर्दोष म्हटलं.

ते परत आले, पण परळला नाही. कोलकात्यात जागा दिली, लस बनवायचं काम मात्र दिलं नाही. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते भारतातून गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं, तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले.